चौथा रकाना

गुरुवारी संध्याकाळी मी भाजीला जाते आणि कोपऱ्यावरच्या मावशींपाशी अर्धा तास रेंगाळते, हे या सदराच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. पावसाळ्यात त्यांच्या मेथीच्या जुडीवर लिहिलं होतं, तेव्हा बऱ्याच जणांनी त्यांची चौकशी केली होती. मावशी बऱ्या आहेत. गुडघा दुखतो, पण पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जाणं चुकलेलं नाही. आज लिहिणार आहे ते त्यांच्या नातीवर. आणि ज्या माणसामुळे लिहिते आहे, त्याचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

नात सहावीत आहे. शाळा सुटली की आजीच्या मागे कांद्याच्या पोत्याला टेकून अभ्यासाला बसते. तिची एक दोनशे पानी वही आहे. आडवी धरून, पट्टीने रेघा मारून तिने प्रत्येक पानावर तीन रकाने पाडलेत: शब्द, उच्चार, अर्थ. रोज इंग्रजीचे दहा शब्द पाठ करायचे, असं तिच्या बाईंनी सांगितलंय आणि ती एक दिवसही चुकवत नाही. मी गेले की त्यातले चारपाच मला म्हणून दाखवते. ठेक्यात, अंग थोडं मागेपुढे हलवत, आपण सगळ्यांनी लहानपणी म्हटले तसेच. दोन आठवड्यांपूर्वी तिने असंच सुरू केलं, "व्ही-ई-जी-ई-टी-ए-बी-एल-ई, व्हेजिटेबल. व्हेजिटेबल म्हणजे भाजी."

शेजारी एक गृहस्थ दोडके निवडत होते. ते मोठ्यांदा हसले. सोबतच्या बाईंना म्हणाले, "ऐकलंस? व्हेजि-टेबल! भाजीचं टेबल!" दोघंही हसली. मग पैसे दिले, पिशवी उचलली आणि गेले. बरोबर उच्चार काय, एवढंही त्या मुलीला सांगितलं नाही. मुलीने वही मिटून दप्तरात घातली. मावशींचं लक्ष तराजूकडे होतं. "म्हण की गं पुढचं," म्हणाल्या. ती म्हणाली नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारीही म्हणाली नाही. वही उघडी होती, लिहिणं चालू होतं, ओठ मात्र बंद.

हसण्यासारखं त्यात काय होतं? टी-ए-बी-एल-ई म्हणजे टेबल, हे ती पहिलीपासून शिकली आहे. आता एका लांबलचक नव्या शब्दाच्या शेवटी तीच पाच अक्षरं त्याच क्रमाने आली. तिने जुन्या माहितीवरून नव्याचा उच्चार ताडला. याला मी अक्कल म्हणते. केबल आणि स्टेबल हे शब्द तिने याच रीतीने वाचले असते तर दोन्ही बरोबर आले असते. व्हेजिटेबलच्या बाबतीत मध्ये जी गोष्ट आडवी आली, ती वहीच्या कुठल्याच रकान्यात मावत नाही. ती गोष्ट म्हणजे जोर. इंग्रजी शब्दात ज्या भागावर जोर पडतो तिथला स्वर पूर्ण उमलतो आणि बाकीचे आक्रसतात. टेबलमध्ये जोर 'टे'वर आहे म्हणून तो ठसठशीत 'टे' ऐकू येतो. व्हेजिटेबलमध्ये सगळा जोर पहिल्या 'व्हे'वर, म्हणून शेपूट बारीक होतं आणि कानाला 'व्हेज्टबल' असं काहीतरी येतं. कम्फर्टेबल, सूटेबल, पोर्टेबल या सगळ्यांच्या शेपटीचं असंच होतं. मराठीत आपण 'भाजीवाली' म्हणतो तेव्हा चारही अक्षरं आपापला पुरता वाटा घेतात. ती सवय जिभेत घेऊन पोर इंग्रजीकडे गेली. जाणारच.

शाळेचा भाग थोडक्यात सांगते. २००० सालापासून महाराष्ट्रात मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी आहे. त्याआधी ते पाचवीला सुरू व्हायचं. इंग्रजीची अक्षरं २६, पण प्रमाण ब्रिटिश उच्चारातले ध्वनी मोजले तर ४४ च्या आसपास भरतात, म्हणजे एकेका अक्षराला दोनदोन, तीनतीन कामं करावी लागतात. त्यात विल्यम कॅक्स्टनने १४७६ साली वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. छापील स्पेलिंगं हळूहळू पक्की होत गेली आणि त्याच शतकांत लोकांचं बोलणं मात्र झपाट्याने बदलत राहिलं. नाइफ आणि नाइट यांच्या सुरुवातीचा के एकेकाळी खरोखर उच्चारला जायचा. तोंडातून तो गेला, कागदावर राहिला.

आता आबांबद्दल लिहायला हवं. माझ्या वडिलांच्या वह्यांचा उल्लेख मी या सदरात दोनतीनदा केला आहे, पण त्यातली एक गोष्ट आजवर लिहिली नव्हती. आबा व्हर्नाक्युलर फायनल झालेले, सातारा जिल्ह्यात तलाठी. शाळेत इंग्रजी मिळालं नाही म्हणून तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आणून ते कंदिलाच्या उजेडात स्वतःच शिकले. त्यांच्याही वहीला तेच तीन रकाने होते: शब्द, उच्चार, अर्थ. अक्षर मोत्यासारखं. पहिल्या चार वह्यांचे तिन्ही रकाने भरलेले आहेत. पाचव्या वहीपासून पुढे मधला रकाना कोरा आहे. अशा एकूण अकरा वह्या.

मधला रकाना का थांबला, हे त्यांनी मला उतारवयात एकदाच सांगितलं. वसुलीचा भरणा करायला ते तालुक्याच्या एका कचेरीत गेले होते. पैसे मोजून दिले आणि साहेबांना म्हणाले, "सर, रिसीप्ट." पी-टी ही दोन्ही अक्षरं स्वच्छ उच्चारून. साहेबांनी तो शब्द तसाच मोठ्याने परत म्हटला, समोरच्या कारकुनांकडे बघितलं आणि सगळी खोली हसली. पावती मिळाली. आबा घरी आले आणि त्यानंतर हयातभर त्यांनी इंग्रजीचा एक शब्द तोंडातून काढला नाही. शिकणं सोडलं नाही, बोलणं सोडलं. लहानपणी मी त्यांना अर्थ विचारायची, ते लगेच सांगायचे. उच्चार विचारला की म्हणायचे, "तो मास्तरांना विचार." मला वाटायचं, त्यांना कंटाळा आला असेल.

तो पी तिथे कसा आला, हे मला पुढे कळलं. हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला, तेव्हा त्यात पी नव्हता. मूळ लॅटिन शब्दात पी आहे, याची आठवण म्हणून लिहिणाऱ्यांनी तो स्पेलिंगात घातला आणि तो तिथेच राहिला. कन्सीट आणि डिसीट हे त्याच घराण्यातले शब्द. त्यांचे पी टिकले नाहीत. डेट म्हणजे कर्ज, त्यातला बी असाच लॅटिनची आठवण म्हणून बसलेला. म्हणजे आबांनी कागदावर होतं ते प्रामाणिकपणे वाचलं. चूक कुणाची म्हणायचीच तर ती त्यांच्या जन्माआधी कित्येक शतकं कुणीतरी करून ठेवली होती. आबांच्या हयातीत मला हे ठाऊक असतं तर मी त्यांना सांगितलं असतं. कदाचित मधला रकाना पुन्हा सुरू झाला असता. याची रुखरुख मला आजही आहे.

शब्द पुस्तकात वाचून शिकलेला माणूस तो चुकीचा उच्चारणारच. ज्याच्या घरात, आळीत, शाळेच्या वाटेवर तो शब्द कुणी बोलतच नाही, त्याने तो ऐकायचा कुठे? त्याचा चुकलेला उच्चार म्हणजे त्याने तो शब्द एकट्याने, कुणाच्या मदतीशिवाय मिळवला याचा पुरावा असतो. आपलं मराठी तरी कुठे जसं लिहितो तसं बोलतो? 'माझा' आणि 'माझी' यांतला झ एकाच वळणाचा लिहितो, पण उच्चार दोन वेगळे करतो. 'चार' म्हणताना जो च येतो तो 'चारा' म्हणताना येत नाही. मराठी शिकणारा कुणी परका गुरांना 'चारा' घालताना आकड्यातला च वापरेल, तेव्हा आपण त्याला प्रेमाने म्हणून दाखवतो आणि शिकतोय याचं कौतुक करतो. हे कौतुक आपल्याच पोरांच्या वाट्याला का येत नाही?

माझी भाची लग्नानंतर अमेरिकेला गेली. पहिल्याच आठवड्यात दुकानात जाऊन तिने ब्रिंजल मागितलं. दुकानदाराला शब्दच कळला नाही. तिने पुन्हा सांगितलं, पुन्हा नाही. तो हसला नाही. काउंटरमागून बाहेर आला, तिला भाज्यांच्या मांडणीपाशी घेऊन गेला आणि म्हणाला, यातलं कोणतं ते दाखवा. तिने वांग्यावर बोट ठेवलं. "एगप्लांट," तो म्हणाला, आणि तिने म्हणेपर्यंत थांबला. तो शब्द ती कधी विसरणार नाही. शब्द द्यायचा असा. वस्तू समोर, उच्चार कानात आणि समोरचा माणूस थांबलेला.

वांग्याचा विषय निघालाच आहे तर पुढचंही सांगते, कारण हे मला फार आवडतं. संस्कृतात वातिंगण असा एक शब्द आहे. तो इराणात जाऊन बादिंगान झाला, अरबांनी त्याचं अल-बादिंजान केलं, अरबांबरोबर तो स्पेनकडे गेला आणि तिथून फ्रेंचांकडे जाऊन ऑबर्जीन झाला. इंग्लंडमध्ये आजही वांग्याला ऑबर्जीनच म्हणतात. त्याच अरबी शब्दाचं पोर्तुगीजांनी बेरिंजेला केलं, ते जहाजातून हिंदुस्थानात आले आणि इथल्या इंग्रजीत ब्रिंजल रुजलं. म्हणजे लंडनचं ऑबर्जीन आणि आपल्या पाठ्यपुस्तकातलं ब्रिंजल एकाच आईची लेकरं. या सगळ्या प्रवासात प्रत्येक मुक्कामावर कुणीतरी तो शब्द चुकीचाच उच्चारला होता, आणि तरी तो शब्द जगला. आपल्या मुंगसाचंही तेच. इंग्रजीतला मॉंगूस हा मराठीतून गेलेला शब्द. त्यांनी मुंगूस आपल्या जिभेला पेललं तसं घेतलं आणि आज ते त्यांच्या शब्दकोशात मानाने बसलं आहे.

परत कोपऱ्यावर येते. या गुरुवारी मी गेले तेव्हा मावशी टेम्पोवाल्याशी बोलत होत्या. "उद्या दोन कॅरेट टोमॅटो टाक." मागून नात हळूच म्हणाली, "आजी, कॅरट म्हणजे गाजर. टोमॅटोचं कॅरट कसं असेल?" दोन आठवड्यांत तिच्या तोंडून आलेला हा पहिला इंग्रजी शब्द. मावशी म्हणाल्या, "बाजारात समदे कॅरेटच म्हणतात. ते प्लास्टिकचं जाळीचं, त्यात माल भरतात ते." मी पोरीकडे पेन मागितलं आणि तिच्या वहीत लिहिलं: सी-आर-ए-टी-ई. क्रेट. माल ठेवायची जाळीदार पेटी. तिने ते वाचलं, एकदा त्या निळ्या पेटीकडे बघितलं आणि विचारलं, "म्हणजे आजी म्हणते तो हाच शब्द?" हाच शब्द. बोलणाऱ्या माणसाला सुरुवातीचं जोडाक्षर जड जातं म्हणून तो मध्ये एक स्वर घालतो. ग्लासचा गिलास झाला, प्लॅटफॉर्मचा फलाट झाला, तसं क्रेटचं कॅरेट झालं.

तिथे उभी असतानाच मला एक गोष्ट नीट दिसली. आपल्याकडे इंग्रजी शब्द दोन वाटांनी आले आहेत, एक कानाची आणि दुसरी डोळ्याची. पलटण हा शब्द शिपायांनी कवायतीच्या मैदानावर उचलला. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि टेशन, फलाट, तिकीट हे शब्द प्रवाशांच्या नि हमालांच्या तोंडी बसले. त्यांना स्पेलिंग ठाऊक नव्हतं, पण शब्दाबरोबर वस्तू हाताला लागली होती, त्यामुळे अर्थ कधी चुकला नाही. आबा आणि ही पोर दुसऱ्या वाटेने आले. यांच्याजवळ स्पेलिंग आहे, अर्थ लिहिलेला आहे, पण आवाज नाही आणि वस्तूही नाही. मावशींना रेट, लॉट, डझन, फ्लॉवर, टेम्पो, क्रेट हे सगळं तीस वर्षं येतंय. नात त्यांच्या मागे बसून तेच शब्द पुस्तकातून घोकते. दोघींमध्ये हातभर अंतर, पण दोघींच्या शब्दांची ओळखच झालेली नव्हती.

मी तिला म्हटलं, चौथा रकाना पाड. वर नाव लिही: आजी. पुस्तकातला शब्द आजी कसा म्हणते, किंवा त्या गोष्टीला आजीचा शब्द काय, ते तिथे लिहायचं. आणि दुसऱ्या रकान्यात उच्चार लिहिशील तेव्हा ज्या अक्षरावर जोर असेल त्याच्या खाली रेघ मार. चांगल्या शब्दकोशात जोराच्या भागाआधी एक बारीक उभी रेघ असते, ती बघून ठरवायचं. आपल्या लिपीने इंग्रजीसाठी ॲ आणि ऑ सामावून घेतले, व्हॅनचा व्ह आणि वॉटरचा व वेगळा लिहायची सोय केली. जोराची खूण तेवढी राहिली, ती या रेघेने भागते. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते, तेव्हा त्यांनी सहकाऱ्यांबरोबर खास शिकणाऱ्यांसाठी कोश केला. तो आधी १९४२ साली तोक्योत छापला गेला आणि १९४८ साली ऑक्सफर्डने काढला. शब्दाचा नुसता अर्थ पुरत नाही, तो वाक्यात कसा बसतो हे शिकणाऱ्याला दाखवावं लागतं, हे त्यांनी ओळखलं होतं.

ते किती खरं आहे, हे त्या चौथ्या रकान्याने अर्ध्या तासात दाखवलं. वहीत होतं: हॉट म्हणजे गरम. मावशी लवंगी मिरची तोलत होत्या. नातीने विचारलं, "मिरचीला हॉट म्हणतात, मग मिरची गरम?" इंग्रजीत गरम आणि तिखट या दोन्हींना हॉट चालतं, आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत. तिने गरमच्या पुढे तिखट लिहिलं. मग भाजी. आपण मंडईतून आणतो तीही भाजी आणि ताटात वाढतो तीही भाजी. इंग्रजी व्हेजिटेबलवर मात्र दुसऱ्या भाजीचं ओझं टाकता येत नाही. लिलाव हा शब्द मावशींच्या तोंडी रोज. तो पोर्तुगीजांकडून आलेला, बटाटा, पगार आणि चावीसारखा. त्याला इंग्रजीत ऑक्शन, जोर पहिल्या 'ऑक्'वर. पोरीने रेघ मारली. आणखी काय म्हणतेस गं आजी, असं ती मावशींना विचारत सुटली आणि गिऱ्हाइकं खोळंबली, पण त्या दिवशी कुणी कुरकुरलं नाही.

मोल्सवर्थची मला तिथे आठवण झाली. लष्करात नोकरीला आलेला हा इंग्रज मराठी शब्दांच्या मागे लागला, इथल्या पंडितांना बरोबर घेऊन त्याने शब्द गोळा केले आणि १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश काढला. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत साठ हजारांच्या आसपास शब्द आहेत. आपण आजही अडलो की तो उघडतो. परक्या भाषेतले हजारो शब्द ज्याने तोंडाने म्हणून पाहिले असतील, तो किती वेळा चुकला असेल! आपल्या माणसांनी त्याला शब्द दिले, आणि त्यामुळे आपला कोश झाला.

निघताना पोरीने स्वतःहून विचारलं, "बाई, ते भाजीचं नीट कसं म्हणायचं?" मी म्हटलं, "व्हेज्टबल. व्हे मोठा, बाकी सगळं पटकन." ती म्हणाली. परत म्हणाली, जरा मोठ्याने. 'व्हे'खाली रेघ मारली. मग चौथ्या रकान्यासाठी आजीकडे वळली. मावशी म्हणाल्या, "आमच्या गावाकडं माळवं म्हणतात. माळवं लिही."

माळवं. कितीतरी वर्षांनी हा शब्द माझ्या कानावर आला. आमच्या घरी आबाच तो म्हणायचे, बाजाराच्या दिवशी पिशवी काढताना. घरी आल्यावर मी त्यांच्या वह्या काढल्या. सातव्या वहीत सापडला. डावीकडे त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात इंग्रजी स्पेलिंग, उजवीकडे अर्थ: माळवं. मध्ये कोरं.

येत्या गुरुवारी ती वही मी सोबत नेणार आहे. मधला रकाना त्या मुलीने भरावा, असं मला वाटतं.